अकरा महिन्यांचे हमीदभाई

हमीदभाई सर्व्हरच्या खोलीत चपला घालून जात नसत. खोली कसली, कॉलेजच्या जुन्या प्रयोगशाळेचा प्लायवूड मारून वेगळा केलेला कोपरा होता तो. आत एक टेबल, एक कुरकुरणारा पंखा आणि दोन नेटवर्क कार्डं बसवलेला एक पिवळट पडलेला डबा. देवघर म्हणून नव्हे, धूळ जाते म्हणून चपला बाहेर, असं ते सांगत. पण नेट बंद पडलं की ते या खोलीकडे येतच नसत. उलट्या दिशेला, लॅबकडे जात. तिथल्या शेवटच्या कॉम्प्युटरच्या केबलला बोट लावत आणि भिंतीच्या कडेने, खिडकीच्या चौकटीवरून, व्हरांड्याच्या वळचणीखालून, केबलचा हात न सोडता चालत चालत सर्व्हरपर्यंत येत. मी नवी होते. मला वाटलं, या गृहस्थाचं काहीतरी हरवलंय. तसं विचारलंसुद्धा.

"पहिले पाय चालवाचे मॅडम, मंग बोटं," ते म्हणाले.

त्या दिवशी व्हरांड्यात खारीने केबल कुरतडलेली निघाली. तोवर अर्धा तास मी सर्व्हर बंद करून चालू करण्यात घालवला होता. पुढे महिनाभर, मी कुठल्याही कॉम्प्युटरचं बटण दाबायला गेले की मागून प्रश्न यायचा, "झोपलेल्याले उठवलं म्हणजे त्याचा आजार जाते का, मॅडम?"

मी चंद्रपूरची. २००४ साली चामोर्शीच्या या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायला लागले आणि तिथेच खोली घेऊन राहिले. डिग्री होती, उत्साहही होता. उत्साह पहिल्या उन्हाळ्यातच संपला. दिवसातून दोनदा ठरलेलं भारनियमन, शिवाय न ठरलेलं वेगळं. तीस मुली, अकरा चालू कॉम्प्युटर आणि धडा रंगात आला की सगळे पडदे एकदम काळे. यूपीएसची बॅटरी मरून वर्ष झालं होतं आणि नव्या बॅटरीचा अर्ज कुठल्यातरी टेबलावर माझ्यासारखाच दमून पडला होता. लाईट गेली की मुली वह्यांनी वारा घेत बसायच्या आणि मी फळ्यावर कीबोर्डचं चित्र काढायचे. अशा नोकरीत माणूस पटकन म्हातारा होतो.

हमीदभाई तेव्हा पन्नाशीला आलेले. त्यांचं चंद्रपुरात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. लोक टीव्ही दुरुस्त करण्यापेक्षा नवा घ्यायला लागले तेव्हा ते बसलं. मग रद्दीत आलेल्या एका इंग्रजी मासिकाबरोबर लिनक्स नावाच्या फुकटच्या संगणक-प्रणालीची सीडी मिळाली, ती त्यांनी एका मोडक्या कॉम्प्युटरवर चढवली आणि इंग्रजी जेमतेम वाचता येत असताना, शब्दकोश मांडीवर घेऊन, वर्षभरात ती शिकले. आमच्या कॉलेजला एकाच टेलिफोनच्या लाईनवरून सगळ्या लॅबला नेट द्यायचं होतं आणि महागडं यंत्र परवडत नव्हतं. हमीदभाईंनी भंगारातल्या कॉम्प्युटरचा सर्व्हर करून दिला. त्याच्या एका कार्डात बाहेरची लाईन, दुसऱ्यात लॅब, आणि मधे त्यांनी लिहिलेले फायरवॉलचे, म्हणजे काय जाऊ द्यायचं नि काय अडवायचं त्याचे, नियम. म्हणून त्यांना ठेवून घेतलं. ठेवून घेतलं म्हणजे अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर.

अकरा महिने संपले की एक दिवस घरी बसायचं आणि नवी ऑर्डर निघाली तर पुन्हा यायचं. निघाली तर. त्यांची बायको आणि आजारी सासू चंद्रपुरात, हे इथे एका खोलीत. शनिवारच्या बसने जायचे, सोमवारी पहाटेच्या बसने यायचे. या वयात दुसरीकडे कुणी ठेवणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. ऑर्डर संपायला दोन महिने राहिले की ते चहा कमी प्यायला लागत आणि कार्यालयातल्या बाबूंचे प्रिंटर न सांगता साफ करून देत. एरवी मात्र या गोष्टीची थट्टाच करायचे. "आपण अकरा महिन्याचे माणूस. बारावा महिना अल्लाच्या हातात."

शिकवायला ते माझ्यापेक्षा चांगले होते, हे मी आता मोकळेपणाने सांगते. सर्व्हरला नेट मिळतंय, लॅबमधून सर्व्हरही दिसतोय, मग लॅबला नेट का नाही, हे मी मुलींना दोन तास समजावत होते. शेवटी मुलींच्या चेहऱ्यावरचा भारनियमनाचा भाव पाहून हमीदभाई दारातून आत आले. त्यांचे वडील आलापल्लीला सागवानाच्या डेपोत कामाला होते, त्यामुळे त्यांचं बालपण जंगलाच्या नाक्यावर गेलेलं.

"नाक्यावरच्या गार्डाले भेटाले कोणीही जाऊ शकते," ते म्हणाले. "चहा पिऊन वापस या, कोणी काई विचारत नाई. पण लाकडाचा ट्रक नाक्याच्या पल्याड न्याचा असन तर दोन गोष्टी लागते. कागद बराबर पायजे, अन् फाटक उघडं पायजे. नुसता कागद दाखवून फाटकाले गाडी ठोकली तर काय होईन?"

मुली हसल्या. फायरवॉलचे नियम म्हणजे कागद, आणि एका बाजूचं दुसऱ्या बाजूला जाऊ द्यायचं की नाही ही सर्व्हरची मूळ कळ म्हणजे फाटक, हे त्यांना कळलं. मलाही जरा नीट कळलं.

एकदा नागपूरहून एक टायवाला विक्रेता नवं यंत्र खपवायला आला होता. आमचा डबा पाहून त्याने नाक मुरडलं. हमीदभाईंनी त्याला खुर्ची दिली, बिनदुधाचा चहा दिला आणि फार नम्रपणे विचारलं की, इथून गेलेला निरोप ठीक, पण त्याचं उत्तर अकरांतल्या नेमक्या त्याच कॉम्प्युटरकडे परत कसं येतं, ते जरा समजावून सांगा. विक्रेत्याने माहितीपत्रक उलटंसुलटं केलं. "सगळे जाणं पाहतेत, येणं कोणी पाहत नाई," तो गेल्यावर हमीदभाई म्हणाले आणि त्याचा उष्टा कप स्वतः धुतला.

लाईट परत आली की मात्र वेगळाच ठरलेला सोहळा असे. सर्व्हर आपोआप चालू व्हायचा, पण नेट यायचं नाही. मग कुणीतरी हाक मारायचं. हमीदभाई यायचे, चपला काढायचे, आत जाऊन दोन ओळी टाइप करायचे आणि बाहेर येऊन मान हलवायचे. लॅब चालू. आमचे प्राचार्य माझ्यानंतर दोन वर्षांनी आलेले, सज्जन, पण यंत्राला भिणारे. ते कौतुकाने म्हणायचे की तुमचा हात लागल्याशिवाय ते डबडं काही ऐकत नाही हो. हमीदभाई नुसते हसायचे. त्या दोन ओळी काय असतात, हे मी चार वर्षांत एकदाही विचारलं नाही. दमलेल्या माणसाला चालू झालेल्या गोष्टीची चौकशी करावीशी वाटत नाही.

२००८ च्या उन्हाळ्यात हमीदभाईंनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजा घेतली. परीक्षा संपलेल्या, लॅब रिकामी, असे दिवस बघूनच घेतली होती. पण नर्सिंगच्या प्रवेशाचे फॉर्म त्या वर्षी ऑनलाईन झाले आणि शेवटची तारीख नेमकी त्यातच आली. गावात दुसरीकडे एवढ्या फॉर्मांची सोय नव्हती. सकाळपासून मुली येऊन बसल्या होत्या. एटापल्लीकडची सुमन मडावी आईला घेऊन दोन बस बदलून आली होती. आईने उन्हाळी कामाचा दिवस मोडला होता आणि ती लॅबमध्ये यायला तयार नव्हती. दारात उंबऱ्याशी उभी राहून आत बघत होती.

दहाला लाईट गेली ती एकला आली. सर्व्हर चालू झाला, नेट नाही. पाचला मुदत संपत होती. मी पहिले पाय चालवले. शेवटच्या कॉम्प्युटरपासून केबलला बोट लावून पूर्ण वाट चालले. सगळं धड होतं. सर्व्हरवरून बाहेरची दुनिया दिसत होती. लॅबमधून सर्व्हर दिसत होता. लॅबमधून बाहेर मात्र काही जात नव्हतं. सर्व्हरवरच बसून फॉर्म भरावेत, तर तिथे नुसता काळा पडदा आणि अक्षरं, वेबसाईट उघडायची सोयच नव्हती. फायरवॉलचे नियम काढून एकेक वाचले. बरोबर होते. प्रत्येक नियमापुढे, त्यातून किती निरोप गेले त्याचा आकडा येतो. पलीकडे जाऊ देणाऱ्या नियमापुढे शून्य होतं. अकरा कॉम्प्युटर धडका मारत होते आणि त्या नियमापर्यंत एकही निरोप पोचत नव्हता. एका तासाने मी हात टेकले आणि चंद्रपूरला फोन लावला.

त्यांच्या बायकोने उचलला. डोळ्याला पट्टी आहे, बोलू नका म्हणाले डॉक्टर, असं ती सांगत असतानाच फोन हमीदभाईंनी घेतला. त्यांनी मला घाई करू दिली नाही. कुठून कुठे जातंय, कुठून जात नाही, सगळं क्रमाने सांगायला लावलं. शून्याचा आकडा सांगितल्यावर ते गप्प झाले. इतका वेळ गप्प झाले की मला वाटलं, फोन कटला.

"लिहून घ्या," ते शेवटी म्हणाले. त्यांनी एका फाईलचं नाव अक्षर अक्षर सांगितलं. "आत शून्य असन. त्याच्या जागी एक टाका."

टाकला. लॅबमधून कुणीतरी ओरडलं, "आलं, आलं!" फाटक बंद होतं, एवढंच. सुमनचा फॉर्म सव्वाचारला गेला. तिची आई मला दारातूनच विचारत होती की फोटोही गेला का, चेहरा नीट गेला का. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच सर्व्हरसमोर बसले. लाईट गेली की तो एक पुसला जातो आणि शून्य उरतं, हे उघड होतं. चालू होताना सर्व्हर जी फाईल वाचतो, तिच्यात ती ओळ एकदा लिहून ठेवली की काम झालं. मी फाईल उघडली. ओळ तिथे होतीच. तिच्या सुरुवातीला हॅशचं (#) चिन्ह होतं. ज्या ओळीपुढे ते चिन्ह असतं ती यंत्र वाचत नाही, सोडून देतं. म्हणजे कुणीतरी ती ओळ लिहिली होती आणि मग मुद्दाम मिटवून ठेवली होती. आणि त्या डब्यावर लिहिणारा माणूस एकच होता.

मला आधी राग आला. चार वर्षांतल्या सगळ्या दुपारी आठवल्या. तीस मुली, घामेजलेल्या, हमीदभाई चहाला गेलेत म्हणून थांबलेल्या. उंबऱ्यावरची ती बाई आठवली. मग हळूहळू अकरा महिन्यांची ऑर्डर आठवली आणि राग कुठे ठेवावा ते कळेना. मी त्या चिन्हाला हात लावला नाही. फाईल बंद केली.

आठवड्याने ते काळा चष्मा लावून आले. मी दार लोटून घेतलं आणि विचारलं. त्यांनी नाकारलं नाही, हे मला फार बरं वाटलं आणि फार वाईटही.

"पहिल्या वर्षी उघडीच होती ती ओळ," ते म्हणाले. "लाईट जाये, येये, मशीन आपलं आपण चालू होये. मी खुश होतो. सहा महिने मले कोणी आवाज दिला नाई. मंग ऑर्डरच्या वक्ताले तेव्हाचे साहेब म्हणाले, हमीद, तू दिवसभर करते काय? मी सांगाले लागलो तर त्याईले समजेना. काम बिघडलं नाई तर दिसत नाई मॅडम. त्या दिवशी मी ते चिन्ह लावलं."

मी त्यांना सुमनबद्दल सांगितलं. दोन बस बदलून आली होती, आणि पाच वाजले असते तर तिचं वर्ष गेलं असतं, एवढंच. ते खूप वेळ चष्मा पुसत बसले.

"पट्टी बांधून पडलो होतो तर मले वाटलं, फोन उचलूच नाई," ते म्हणाले. "सांगितलं तर तुमाले समजन, हे समजत होतं मले."

मग उठले, चपला काढल्या, आत गेले आणि ते एक चिन्ह खोडलं. मला म्हणाले, वायर काढा आणि लावा. मी भिंतीतली वायर काढली, लावली. सर्व्हर सावकाश, कण्हत चालू झाला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत उभे होतो. नेट आपोआप आलं.

त्यानंतरचे सात-आठ महिने माझ्या नोकरीतले सगळ्यात सुखाचे. लाईट जायची, यायची, लॅब चालू व्हायची. हमीदभाई त्या काळात जास्तच राबले. बाहेरून येणारे व्हायरस अडवायला नवे नियम लिहिले, व्हरांड्यातली केबल लोखंडी नळीत घातली, पंख्याचं कुरकुरणं थांबवलं. पण त्यांना कुणी हाक मारत नव्हतं. ते व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलेले दिसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटे, हा माणूस नुसता बसून असतो. त्यांनी मला कधी काही म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही. मला वाटायचं, चांगलं झालेलं सगळ्यांना दिसतंच आहे.

हिवाळ्यातल्या एका सकाळी प्राचार्य मला व्हरांड्यात भेटले. घंटा होऊन गेली होती, माझ्या हातात हजेरीचे कागद होते. त्यांनी विचारलं, "मॅडम, ते नेट आता बंद पडतं का हो?"

"नाही सर, अजिबात नाही," मी म्हटलं. जरा अभिमानानेच म्हटलं आणि वर्गावर गेले.

पंधरा दिवसांनी हमीदभाईंची ऑर्डर संपली. नेहमीप्रमाणे एक दिवस ते घरी बसले. नवी निघाली नाही. ते येऊन आपलं सामान घेऊन गेले. मल्टीमीटर, सोल्डरिंग आयर्न, पेचकसांचा डबा, मांडीवर घ्यायचा तो शब्दकोश. जाताना लॅबच्या प्रत्येक कॉम्प्युटरशी थांबले आणि मागची केबल घट्ट आहे का, ते दाबून पाहिलं. मी प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले, हमीदभाई भला माणूस, पण आता त्यांना काम काय उरलं? संस्था विचारते, मी काय सांगू? मी बोलू लागले, पण कागद वर गेले होते. ज्या दिवशी बोलायचं असतं तो दिवस गेलेला होता.

दीड वर्षाने ते मला चंद्रपूरच्या बसस्टँडवर भेटले. भाच्याच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसत होते. सासू गेली होती, दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन राहिलं होतं. माझी बस लागेपर्यंत आम्ही चहा घेतला. सुमन शेवटच्या वर्षाला गेली, हे सांगितल्यावर त्यांना मनापासून आनंद झाला. मी फार दिवसांचं मनातलं बोलले. म्हटलं, साहेबांनी तुम्हाला न विचारताच काढलं, निदान विचारायला हवं होतं.

"विचारलं होतं ना," हमीदभाई म्हणाले. "मले बोलावलं, म्हणाले, तुमचं काम आता काय आहे ते सांगा, मी वर लिहितो. मले आपलं आपण सांगाले काई जमलं नाई. मी म्हटलं, मॅडमले विचारा साहेब. त्याईले सगळं माहीत आहे."

बस लागली होती. त्यांनी माझी पिशवी उचलून आत ठेवून दिली.

मला सगळं माहीत होतं. हे एवढं लांबण लावून आज जे लिहिलं, ते त्या सकाळी व्हरांड्यात सांगायला मला दोन मिनिटं लागली असती.